सिद्धप्पा सायकल न्यायला येनार हाय

हॅलो?

हॅलो… कोन? प्रेरणा? व्हय, मीच हाय बाई. बोल. जय भीम, जय भीम.

न्हाई, झोपले न्हवते. मूग निवडायले होते. झोप कुठली आली मला, आठ दिस झाले डोळ्याला डोळा न्हाई.

हां, जेवले. … व्हय गं, खरंच जेवले. आता काय रिकामं ताट दाखवू का तुला फोनवर?

अप्पा? हायेत की. वसरीत पडलेत बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. झोप लागलीय वाटतं. … पट्टा हाय खांद्याला, काढला न्हाई. … व्हय, बोटं बी हलवतेत. तू सांगितलंस ना, दर घंट्याला हलवा म्हनून. बोलत न्हाईत कुनाला, पन बोटं हलवतेत.

सायकल दुकानाचा सिद्धप्पा? न्हाई आला अजून. … चार वाजता? कशाला? … सायकल न्यायला? तू फोन केलास व्हय त्याला सोलापूरवरून?

अगं, मला इचारायचं तरी. … दुकानावर लावून काय करनार तो? … इकनार. बरं. … बरं, बोल तू. आधी तू बोलून घे सगळं. नर्सबाई हाईस तू, तुझं झाल्यावर माझं.

हं.

हं.

व्हय, डॉक्टरनंच म्हनलंय, या वयाला सायकल नको. मीच हुबी होते की दवाखान्यात, मला काय परत परत सांगायलीस?

ऐक ना… अगं ऐक ना जरा! सायकलीनं सगळं वाईटच केलं का? घेऊन कुनी दिली? तूच ना? नोकरी लागल्या लागल्या. तवा काय म्हनली होतीस आठव. म्हनली होतीस, लाईनमन मानूस, सारी उमर खांबावर चढला, आन् रिटायर होऊन बाजेवर बसून ढेरी वाढवायलाय. शुगर किती होती तवा? तीनशे दहा. आन् आता गेल्या म्हैन्यात? एकशे पस्तीस. तूच नाचलीस की फोनवर.

मग? दोन वर्षं रोज सकाळी पुलापतूर जाऊन माघारी यायचे. सोळा किलोमीटर. कमरेचा पट्टा तीन घरं आत गेला. जिना चढताना धाप लागायची ती गेली. रात्री घोरनं बंद झालं, मला झोप यायली. आन् ते सोड, मानूस किती चिडचिड करायचा आधी! भाजीत मीठ जास्त झालं की ताट सरकवायचा. सायकल आल्यापासून येतानाच शिट्टी वाजवत यायचा. म्हातारपनी शिट्टी! लिंगम्मा शेजारची इचारायची, कोंडाबाई, राजपालअण्णाला काय झालंय गं? म्हनलं, सायकल झालीय.

न्हाई गं, सुखच सुख होतं असं कुठं म्हनायले मी? त्रास बी मलाच माहीत. पयल्या म्हैन्यात गुडघे धरून बसायचे. रोज तेल चोळायचे मी. मग सिद्धप्पानंच सांगितलं, सीट लई खाली हाय अण्णा, पाय पुरा लांब व्हत न्हाई, म्हनून गुडघा बोलायलाय. दोन बोटं वर केली, गुडघा गप.

मग बोटं बधिर. चहाचा कप हातातनं सुटायचा. वाकून बसायचे ना, सारं वजन तळहातावर. सिद्धप्पा म्हनला, हँडल वर घेतो, सरळ बसा. तर काय म्हनले माहीत हाय का तुझे अप्पा? "मी काय म्हातारा हाय व्हय, दूधवाल्यावानी ताठ बसायला?" न्हाई घेऊ दिलं. हातमोजे घातले, पन हँडल न्हाई.

आन् ते दुसरं… त्या बसायच्या जागेला मुंग्या यायच्या. … हसू नको. मला सांगायची लाज, डॉक्टरला सांगायची त्यायला लाज. शेवटी सीट बदलली, मधात खाच असलेली. … व्हय, तूच पाठवलीस. बघ, तुला सगळं माहीत हाय. उसाचे ट्रॅक्टर, कुत्री, ते बी माहीत हाय. तरी जायचे. जाऊ देत होते की आपून.

हां, पडले. पडले, मान्य हाय की. कोन न्हाई म्हनायलंय?

हाड मोडलं ते दुखत न्हाई गं त्यायला इतकं. दुखतंय ते दुसरंच. … काय म्हनजे? तुला पुरं कुठं सांगितलं कुनी. पुलापाशी पडले ना, तर शिवशंकरप्पा दुधाची गाडी घेऊन यायला होता. बघतोय तर हे रस्त्याच्या कडंला, घामानं भिजलेले, हात थरथरायलेत, तोंडातनं शब्द नीट फुटंना. त्याला वाटलं, पिऊन पडलेत. सकाळी सहाला! … व्हय! आदल्या दिवशी भादव्याची पुनव, अष्टशील घेतलेलं, पांढरे कपडे घालून दिवसभर विहारात बसलेला मानूस. दारूचा थेंब न्हाई उभ्या जन्मात. आन् पिऊन पडला म्हनून गावभर झालं.

त्याला दोष न्हाई देत मी. बिचाऱ्यानं तोंडाजवळ वास घेतला, वास न्हाई म्हनल्यावर गाडीत घातलं आन् बसवकल्याणला नेलं सरळ. दवाखान्यात बघितलं, शुगर पन्नासच्या बी खाली. सलाईन लावल्यावर डोळे उघडले. थोडा उशीर झाला असता तर… जाऊ दे. नको ते तोंडातनं काढायला.

हां, आता लोकांला कळलंय शुगर होती म्हनून. पन कळायच्या आधी बोलून झालंय ना लोकांचं. हे ऐकून हायेत सगळं.

न्हाई, सायकल बघत बी न्हाईत. ती हाय तिथंच, पडवीत. कुलूप तूच लावायला लावलंस, चावी माझ्या कमरंला. एकदा बी मागितली न्हाई. हीच तर गोष्ट खायलीय मला. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

काल शुगर बघितली मशीनवर. … दोनशे बासष्ट. … व्हय, आठ दिवसांत. न्हाई, गोड काई देत न्हाई मी. पडून हायेत म्हनून, आन् डॉक्टरनं गोळी बी कमी केलीय ना. … आता तूच सांग काय करायचं. चाला म्हनलं, चालत न्हाईत. पोरी, मी लई दमले गं. तू तिकडनं वरडायलीस, हे इकडं गप. दोघांच्या मधात मी.

थांब… थांब जरा, कुनीतरी आलंय.

बर्री अण्णा, बर्री, या! कूड्री, बसा, तिथं खुर्ची घ्या. … फोनवर हाय पोरगी. … व्हय, तिचाच फोन. दोन मिनिटं बसा.

आला गं सिद्धप्पा. … न्हाई, अजून दिली न्हाई चावी. बसलाय तो. … प्रेरणा, थांब. … थांब म्हनले ना! मला एक सांगायचंय. आन् मला मधात टोकू नको. एकदा थांबले तर परत माझ्यानं सांगनं व्हनार न्हाई.

ते सायकलीनं पडले न्हाईत.

माझ्यामुळं पडले.

टोकू नको म्हनले ना. ऐक. पुनवेला उपोसथ धरतेत ते, तुला माहीतच हाय. बारा वाजले की दुसऱ्या सकाळपतूर तोंडात घास न्हाई. पानी तेवढं चालतं. दर पुनवेला मी सांजची गोळी देत न्हवते. तेच नको म्हनायचे. जेवन न्हाई तर जेवनाआधीची गोळी कशाला, म्हनायचे. या टायमाला मी ऐकलं न्हाई.

कामून म्हनजे… विहारात बाराच्या आधी खीर होती. लिंगम्मा सांगत आली, तुमच्यायनी तीन वाट्या खाल्ल्या. माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी चहात साखर पडू देईना, आन् तीन वाट्या! सांजच्याला गोळी घेऊन गेले. अर्धी असते रोज, मी पुरी दिली, आन् वर आनखी एक. म्हनलं, खीर तशी जिरायची न्हाई. ते म्हनले, "अगं कोंडा, पोटात काई न्हाई आज." मी म्हनले, "औषध म्हनजे जेवन न्हाई, शील मोडत न्हाई तुमचं, गुमान घ्या." घेतल्या बिचाऱ्यानं. लेकरावानी घेतल्या. आन् सकाळी तसंच रिकाम्या पोटी सायकलवर.

हॅलो?

हॅलो… प्रेरणा? हाईस का?

हं. हाईस. बोल की कायतरी. शिव्या दे.

…

न्हाई. डॉक्टरला माहीत न्हाई. त्यानं इचारलं होतं, रात्री गोळी घेतली का, किती घेतली? मी हुबी होते खाटेच्या पायथ्याला. सांगनार होते मी, खरंच सांगनार होते. तेवढ्यात हे म्हनले, "न्हाई घेतली. मीच लई लांब गेलो सायकल घेऊन, हौसेपायी." माझ्याकडं बघून म्हनले. म्हनून डॉक्टर म्हनला, सायकल बंद. म्हनून तू म्हनलीस, सायकल बंद.

कळलं का आता? खोटं बोलनार न्हाई म्हनून पुनवेला शील घेतलेला मानूस, दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी खोटं बोलला. आन् आठ दिस झाले, भिंतीकडं तोंड करून पडलाय. सायकल मागितली तर खरं सांगावं लागंल ना. म्हनून मागत न्हाई. आन् मी चावी कमरंला लावून फिरायले.

…

रडू नको. तू रडायलीस तर मी काय करू? … न्हाई, मी न्हाई रडत. रडायचं ते मुगाच्या टोपल्यात रडून झालंय माझं.

व्हय. … व्हय, चुकलं. … गोळी वाढवायची न्हाई, मनानं न्हाई, कधीच न्हाई. लक्षात ठिवते. … उद्याच जाते बसवकल्याणला. मीच सांगते डॉक्टरला, त्यायला बोलू देत न्हाई. गोळी घेतली न्हाई म्हनले, त्यावरच औषध ठरवलंय ना त्यानं, खोट्यावर. … आन् पुनवेला गोळीचं काय करायचं, ते बी लिहूनच घेते.

सायकलचं बी इचारते. … हाड जुळेपतूर दीड-दोन म्हैने तर तसं बी बसनार न्हाईत. मग थोडं खाऊन जायचं, बरं. केळं देते. खिशात साखरेची पुडी. … आन् चिठ्ठी? कसली? "मला शुगर हाय, पिलेलो न्हाई"? … बरं, नुसतं शुगर हाय लिहिते. तुझा नंबर टाकते खाली.

म्हनजे तू… न्हाई इकायची ना? … सांग एकदा नीट. डॉक्टर हो म्हनला तर? … बरं. बरं पोरी. ठिव मनात एवढं, मला परत इचारू नको. सांगितलं त्यात जीव गेलाय माझा.

थांब, सिद्धप्पा उठला. अण्णा! अहो अण्णा, हात काढा त्या सायकलीचा. न्यायची न्हाई. … व्हय, पोरगीच न्हाई म्हनायलीय आता. धरा ही चावी, कुलूप काढा. साखळीला तेल घाला आन् तिथंच भिंतीला लावून ठिवा. …

काय? … कोन बोललं? … अहो?

जागेच होता व्हय तुम्ही?

… हॅलो, प्रेरणा, धर जरा, तुझे अप्पा उठून बसलेत. सगळं ऐकलंय वाटतं. … न्हाई, मला काई म्हनले न्हाईत. सिद्धप्पाला म्हनायलेत कायतरी. थांब, ऐकू दे.

…

हँडल.

अगं हँडल! हँडल दोन बोटं वर घे म्हनायलेत. आता खांदा असा, सरळच बसावं लागंल म्हनतेत. … व्हय, तेच म्हनले. दूधवाल्यावानी.

आठ दिवसांत पयलं बोलले गं.

ठिवते आता. चहा टाकते तिघांला. … बिनसाखरेचा, व्हय, माहीत हाय. ठिव.