रिक्षातला उजवा आरसा

शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या उजवीकडे कधी बसू नका रे. परवा सकाळी बोईसरहून कुंभवलीला निघालो, मागे जागा नव्हती म्हणून तिथे टेकलो. माझा खांदा मावावा म्हणून त्यानं उजवा आरसाच आत वळवला. मी मोबाइल बघत बसलो. त्यानं अचानक रिक्षा उजवीकडे घातली, आणि मागून आलेला केमिकलचा टँकर माझ्या गुडघ्याला जवळजवळ घासून गेला.

“दिसत नाही का तुला?” मी किंचाळलो.

तो उलट माझ्यावरच उखडला. “काका, इथं बसेल त्यानं पाठी बघायचं! तुमी गप बसले, मला वाटला रस्ता खाली हाय.”

तिथंच उतरलो. नाक्यावर रात्रपाळी करून आलेला एक कामगार उभा होता, तो लगेच माझ्या जागी बसला. रिक्षा सुटली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.