खिशातलं बीट

नाही, बीट खाल्ल्यानं माणूस मरत नाही हे मलाही मान्य आहे हो! पण तीन दिवसांचं बीट, तेही रेनकोटच्या खिशातलं, सत्तर पोरांच्या देखत, कमरेला दोर बांधून लोंबकळत असताना? सांगा ना तुम्हीच! आणि वर जो तो काय म्हणणार, तर "जबरदस्ती नाही हं!"

मी हार्लन पिकेट. सव्वीस वर्षं बीजगणित शिकवतोय, तेही शक्यतो बसून. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आठवीची मुलं चार दिवस साहस शिबिराला चाललीयत, सोबत कुणीतरी मोठं हवं... जबरदस्ती नाही हं, पिकेट!" आता सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला याचा अर्थ कळत नाही होय? भरली बॅग, निघालो!

ओरेगनच्या त्या जंगलात उतरतोय तर पाऊस धो धो, आणि समोर चिखलात उभी राहून हसणारी एक वीस-बावीस वर्षांची पोरगी, शिबिराची ताई. नाव काय? तर मेपल! खरं नाव सांगायचं नाही म्हणे, शिबिरात सगळ्या मोठ्यांना झाडापाखरांची नावं. "तुमचं नाव मुलंच ठेवतील हं, सर!" मी आपलं हळूच सुचवून पाहिलं, "ससाणा कसं वाटतं?" पोरं एकमेकांकडे बघून अशी काही हसली... जाऊ दे.

तर तिथला नियम. आपलं आव्हान आपणच ठरवायचं, जबरदस्ती नाही! आणि दुसरा नियम, ऐका हं, जेवणानंतर गटाचं उष्टं एका बादलीत टाकून काट्यावर वजन करायचं! सगळ्यांसमोर! चारही दिवस ज्या गटाची बादली रिकामी, त्यातल्या सगळ्यांची नावं वल्ह्यावर रंगवून जेवणघराच्या भिंतीवर टांगणार. आमच्या शाळेचं वल्हं त्या भिंतीवर कधीच लागलेलं नाही. झालं! आमच्या गटात ओडेट नावाची तेरा वर्षांची फौजदारीण आहे, तिनं पहिल्याच जेवणाला टेबलावर चमचा आपटला, "यंदा वल्हं आपलं! कळलं का रे, वेंडेल?"

हा वेंडेल म्हणजे... जन्मात कोरड्या नूडल्सशिवाय ज्यानं काही खाल्लं नाही असा मुलगा. शाळेत आईची चिठ्ठी घेऊन येतो! त्या वेंडेलच्या ताटात पडले हिरवे वाटाणे. आणि तुम्हाला सांगतो, त्या पोरानं एकेक वाटाणा, नाक धरून, डोळे मिटून, पाण्याबरोबर गिळला! अठ्ठेचाळीस! मोजले मी, गणिताचा माणूस. शेवटचा गेला तेव्हा अख्खा गट बाकावर चढून नाचला. मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू.

आणि माझ्या ताटात काय? बीट! मला लहानपणापासून बीट बघवत नाही. बादलीत टाकावं तर ओडेट बघतेय, खावं तर घशाखाली उतरत नाही... मग काय करणार? सरकवलं खिशात! दुसऱ्या दिवशी बीट, खिशात! तिसऱ्या दिवशी बीट, खिशात! बादली शून्य, पोरं खूश, मी खूश, रेनकोट जरा जड.

शेवटच्या दिवशी झुला. कमरेला पट्टा, मागून गट दोर ओढून तुम्हाला उंच चढवणार, तुम्ही "बस" म्हणाल तिथे थांबणार. मी म्हटलं, गुडघाभर ओढा. "सर, वेंडेल अगदी टोकापर्यंत गेला होता! पण जबरदस्ती नाही हं!" बघा! मी "बस" म्हणत होतो हो, आवाजच फुटेना! चाळीस फुटांवर गेलो, सोडलं त्यांनी, खाली डोकं वर पाय... आणि खिसा उघडला.

खाली कुणीतरी किंचाळलं, "सरांना रक्त आलं!" पळापळ! वेंडेलनं स्वतःच्या गालावर पडलेला तुकडा काढला, हुंगला, आणि शांतपणे म्हणाला, "रक्त नाही. बीट आहे."

मी आपला झुलतोय, मागे-पुढे, मागे-पुढे.

ओडेटचा चेहरा पांढराफटक. "मेपल, खिशातलं उष्टं धरतात का गं?"

मेपलनं डोकं खाजवलं. "बादलीत गेलं की उष्टं, पोटात गेलं की शून्य. हे... हे अजून मधेच आहे."

"खा" म्हणालं का कुणी? छे! एक शब्द नाही. म्हणाले असते तर भांडलो तरी असतो! वेंडेलनं सगळे तुकडे वेचले, नळाखाली धुतले, लोंबकळणाऱ्या माझ्यापुढे ओंजळ धरली आणि एवढंच म्हणाला, "सर, मी वाटाणे खाल्ले."

उघडलं मी तोंड.

सतरा तुकडे. एकाला खोकल्याची गोळी चिकटलेली, तीही गेली. शेजारी वेंडेल मास्तर, "चावू नका सर, नाक धरा... पाणी... शाब्बास, पुढचा!" सतरावा गेला आणि पोरांनी जो काही आरडाओरडा केला म्हणून सांगू!

लागलं वल्हं भिंतीवर. सगळ्या गटाची नावं, आणि सर्वांत खाली लाल रंगात माझं. ससाणा नाही हो.

सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी कागद पुढे सरकवला, पुढच्या वर्षीच्या शिबिराचा. "मुलांनी तुमचंच नाव सुचवलंय. जबरदस्ती नाही हं!"

केली सही. नादात लिहून गेलो, 'बीट'. बाई म्हणाल्या, राहू दे, कळतं सगळ्यांना.