लुसुंगूचं शिफारसपत्र

हॅलो?… हो, डॉक्टर न्यामुंथालीच बोलतेय. कोण, लुसुंगू? अगं, सुट्टीवर ना तू? मग प्रयोगशाळेत कशाला फोन?… काय? शिष्यवृत्तीचं उत्तर आलं?…

हं… नाही झाली निवड…

अगं, रडू नकोस… ऐक ना… काय लिहिलंय? वाच बरं परत… 'शिफारसपत्र मिळालं नाही.'… हो, हो, ऐकलं.

नाही गं, पत्र नेटवर्कमुळे नाही अडकलं, नेटवर्क चांगलं होतं… तू कसली माझी माफी मागतेस!… आई माझ्यासाठी सुकी उसिपा पाठवतेय? नको… नको म्हणतेय ना! मासळी-बिसळी काही नको… अगं ऐक! मी पत्र पाठवलंच नाही.

…हो, खरंच नाही पाठवलं.

नाही, विसरले नाही. पहिल्याच दिवशी लिहिलं. खणात पडलंय.

का म्हणजे… थुंकीचे रोज साठ नमुने, लुसुंगू. तू तीन वर्षं शिकायला गेलीस तर तपासणार कोण, तो नवा फुम्बानी? त्याला क्षयाचे जंतू आणि धूळ सारखीच दिसते. एचआयव्ही असलेल्यांना तर क्षय लवकर मारतो, ते पेशंट रिपोर्टची वाट बघतच जातील, असं मी मनाला… हो. हो, त्याला शिकवायला हवं होतं. माझंच काम ते…

ठाऊक आहे. सभेत मीच ओरडले होते, परके येतात, आपल्या लोकांचं रक्त नेतात, शोध त्यांच्या नावावर! मलावीची मुलं संशोधक कधी होणार?… हो, टाळ्या तूच वाजवल्यास…

नाही. खरं सांगू? नमुन्यांचं निमित्त होतं. घाबरले गं. तू शिकून येशील आणि माझ्या खुर्चीत बसशील…

काय? आत्ता वाचू?… थांब, काढते… 'सतरा वर्षांत माझ्या हाताखाली चाळीस जण शिकले. लुसुंगू म्वांगोंडे एकटीच अशी, जिच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसतं.'… हं. पुढे नुसत्या पदव्या.

पुढच्या वर्षी मी स्वतः… नको? मग पत्र कुणाकडून घेशील?… बरं. घे.

सोमवारी येशील ना?… पेशंटसाठी. माझ्यासाठी नाही. कळलं…

सगळ्यांसमोर? सकाळच्या बैठकीत? मीच?… फुम्बानीसमोरही?… बरं, सांगते. माझ्याकडून चूक झाली म्हणून… हं?… हो. हो, बरोबर. चूक नाही. दाबून ठेवलं. तसंच म्हणेन. 'मी पत्र दाबून ठेवलं.'… लुसुंगू, बाळा… हॅलो?… हॅलो?