प्रश्न अकरावा : सुई घेतेस का?

...आणि वर लोक मलाच विचारतात, “तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” मी! मी कधी बोलते हो? तुम्हाला सांगते, लग्नाला साडेतीन महिने झाले, सासरच्या निम्म्या माणसांना अजून माझा आवाज कसा आहे ते माहीत नाही. लग्न ठरताना आमची आई म्हणाली होती, “मुलगी अगदी गप्प आहे हो,” ते सासूबाईंनी गुणांच्या यादीत धरलं. आता त्याच डोक्याला हात लावून म्हणतात, “पोटात किती ठेवतेस गं!” ठेवते. पगारच त्याचा मिळतो मला! मी आपली गप्प.

म्हणजे काय, की मी मुलाखती घेते. आरोग्याचं संशोधन आहे. तेरा ते अठरा वर्षांची मुलं, ज्यांना कायमचं काही दुखणं आहे, मधुमेह, दमा, फिट येणं, असली मुलं सिगारेट, दारू, नशा यांच्या नादी लागतात का, किती लागतात, का लागतात, हे शोधून काढायचं. काम चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण ती प्रश्नावली! ती प्रश्नावली ज्याने लिहिली ना, त्या माणसाला एकदा माझ्यासमोर बसवा आणि बाहेरून कडी लावा... जाऊ दे.

नियम असा, की प्रश्न जसा छापलाय तसा वाचायचा. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मुलाला कळला नाही तर समजावून सांगायचा नाही, परत तोच वाचायचा. चेहरा कोरा ठेवायचा. आमच्या सरांनी प्रशिक्षणात भुवया या एका विषयावर दोन तास घेतले होते. “तुमची भुवई वर गेली,” ते म्हणाले, “की मुलाचं उत्तर बदललं!” माझी निवडच भुवयांवर झाली. बाकीच्या पोरी हसत होत्या, मी आपली गप्प.

तर प्रश्न अकरावा. ‘तू सुई घेतोस का? रोज चार वेळा, कधीतरी, की कधीच नाही?’

आता लिहिणाऱ्याच्या मनात होती नशेची सुई. पण मुलं बिचकतील म्हणून ‘नशा’ हा शब्द तेवढा काढून टाकला. काढला तर काढला, पण विचारताय कुणाला? मधुमेहाच्या पोरांना! ज्यांचा जीवच दिवसातून चार वेळा इन्सुलिनच्या सुईवर चालतो! पहिलाच मुलगा, चौदा वर्षांचा, हुशार, ताठ बसलेला. म्हटलं, “तू सुई घेतोस का?” तर म्हणाला, “हो ताई, रोज चार वेळा, एकदाही चुकवत नाही!” उत्तर टॅबवर भरलं, तर लाल पट्टी. जास्त धोका! पुढचा प्रश्न आपोआप उघडतो, “हे तुला कुणी शिकवलं?” म्हणाला, “आईने.” “एकट्याने घेतोस की इतरांबरोबर?” “जेवायला बसताना सगळ्यांसमोर घेतो, बाबा मांडी धरतात.” आता सांगा, भुवई खाली कशी ठेवायची? ठेवली मी. दोन्ही हातांनी धरून ठेवली म्हणा ना!

दम्याच्या मुलीला विचारलं, तोंडाने काही ओढतेस का? “हो, पंप. परीक्षेत जरा जास्त.” लाल! फिटवाल्याला विचारलं, गोळी बंद केली तर त्रास होतो का? “हो, पडतो मी.” लाल, लाल, गडद लाल, पूर्ण आहारी गेलेला!

महिनाभरात सरांच्या टेबलावर आकडे गेले. मधुमेहाची एकशे बारा मुलं, एकशे बाराच्या एकशे बारा सुईच्या व्यसनात. सर खुर्चीतून उठलेच. “जगात कुणाला असं सापडलेलं नाही!” सापडेल कसं? मी धीर गोळा केला. तुम्हाला सांगते, तीन दिवस आरशासमोर वाक्य पाठ केलं आणि म्हटलं, “सर, ती इन्सुलिनची सुई आहे.” सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू भिंतीवरचं घड्याळच बोललं. मग म्हणाले, “हे बघा, प्रश्नावली मंजूर झालेली आहे. उत्तर चुकू शकतं, प्रश्न चुकत नाही. आता प्रश्न बदलला तर या एकशे बारा जणांचं काय करू मी?” काय करू! जेवू घाला, वेळेवर सुई द्या, आणखी काय करणार? पण मी आपली गप्प.

आणि मग यादीत तिचं नाव आलं.

माझी नणंद. वय वर्षं सोळा. घरात तिला अजून छकुली म्हणतात, त्यावर ती दार आपटते. नवव्या वर्षापासून मधुमेह. सरांना म्हटलं, नात्यातल्या मुलीची मुलाखत मी कशी घेऊ? तर म्हणाले, “यादी गेल्या वर्षी निघाली, तेव्हा तुमचं नातं नव्हतं. नियमाने ती परकीच!” संपलं.

तिच्याच खोलीत बसलो आम्ही, ती पलंगावर, मी अभ्यासाच्या खुर्चीवर. दाराबाहेर सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकाच टॉवेलची चौथ्यांदा घडी घालत होत्या, दाराच्या फटीतून मला दिसत होतं. मी दार लावलं आणि छापलेलं वाचलं, “तू जे सांगशील ते कुणालाही कळणार नाही. घरच्यांनाही नाही.” ती म्हणाली, “तू घरचीच आहेस ना वहिनी?” मी परत वाचलं, तोच नियम. ती हसली. आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला हो! तिथेच सगळं फसलं.

प्रश्न अकरावा. “तू सुई घेतेस का? रोज चार वेळा, कधीतरी, की कधीच नाही?”

एकशे बारा पोरांनी एका दमात सांगितलं होतं, रोज चार वेळा. ही खिडकीकडे बघत राहिली. म्हणाली, “कधीतरी.”

टॅबवर हिरवी पट्टी. कमी धोका. अभिनंदनाचा अंगठा येतो वर, हलतो!

तो अंगठा हलत होता आणि मी टॅब मांडीवर पालथा ठेवला. कारण मी सहा महिने मधुमेहाच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई आहे, ‘कधीतरी’ म्हणजे काय ते मला कळतं. मागच्या महिन्यापासून सगळे तिला म्हणताहेत, “अगंबाई, किती छान बारीक झालीस!” सारखं पाणी पिते, वर्गात झोप येते म्हणते. इन्सुलिन चुकवलं की असंच होतं. छान बारीक! पोरगी आतून विरघळत चालली होती आणि आम्ही तिला कमरेचं माप विचारत होतो. नियम मोडला मी. भुवई वर गेली, आवाजही चढला. “किती दिवस?” म्हटलं. हा प्रश्न छापलेला नाही.

तर हकीकत अशी. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात शेवटच्या दाराची कडी तुटलेली आहे. मधल्या सुट्टीत ही पोटाला सुई लावत होती, आणि दार ढकललं एका मुलीने. दुपारपर्यंत सगळ्या वर्गात झालं, ‘ती नशेडी आहे, सुया घेते.’ बघा! आमच्या सरांना जे शोधायला सरकारी शिक्का आणि टॅब लागला, ते त्या पोरीने अर्ध्या मिनिटात शोधून काढलं! मग हिने दुपारची सुई बंद केली. मग कधी सकाळचीही. घरी वहीत साखर लिहायची एकशे चाळीस, यंत्रात तीनशे ऐंशी. आणि त्याच मुलींबरोबर शाळेमागे उभी राहून सिगारेट ओढायला लागली. मला म्हणते, “वहिनी, सिगारेट ओढली की कुणी काही म्हणत नाही. उलट जवळ घेतात. सुई घेतली की नशेडी.”

हे एक वाक्य लिहायला त्या टॅबमध्ये रकाना नाही. एवढं मोठं संशोधन, आणि उत्तर पलंगावर मांडी घालून बसलंय!

“आईला सांगू या,” म्हटलं. तर हात जोडले तिने. “आई शाळेत येईल, प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभी राहील आणि सांगेल, माझ्या छकुलीला मधुमेह आहे, तिला कुणी चिडवू नका.” मी सासूबाईंना साडेतीन महिनेच ओळखते, पण हो, येतील. माईकही मागतील. पण म्हणून गप्प राहू? पोरीला काही झालं तर? आणि सांगितलं तर ती पुन्हा जन्मात कुणाला खरं सांगेल? रडलो दोघी. बाहेर टॉवेलची घडी चालूच.

शेवटी सौदा झाला. त्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरला तिने स्वतः सगळं सांगायचं, मी शेजारी बसेन. सांगितलं तिने. सिस्टर रागावल्या, मग डोस बसवून दिला, रोज साखर कळवायची म्हणाल्या. आईला ती स्वतः सांगेल, पुढच्या तपासणीला, तीन आठवड्यांनी, तोवर एकही सुई चुकली तर मी सांगणार. आणि दुपारची? दुपारी मी जाते. गळ्यात ओळखपत्र घालून शाळेत जाते, शेवटच्या दाराबाहेर पाठ लावून उभी राहते, तुटलेल्या कडीच्या जागी मी! मुली बघतात, मी कोरा चेहरा ठेवते, प्रशिक्षण आहे माझं. वापरलेली सुई तिला दप्तरात नको असते, शाळेच्या कचऱ्यात टाकायची नसते. मग मी एका छोट्या डबीत घालून माझ्या पर्समध्ये टाकते. साखर उतरली हो! एकशे साठ आली परवा, खरी! सिगारेट... एकदम नाही सुटली, पण आता मला सांगते तरी.

इकडे सर खूश. “एकशे तेरामध्ये एकच मुलगी कमी धोक्याची! तिला बोलवा, बाकीच्या मुलांना सांगू दे, सुईपासून लांब कसं राहायचं!” ऐकताय ना? ज्या एकशे बारा पोरांनी नेमाने सुई घेतली त्यांना ही शिकवणार, सुई कशी टाळायची! मी म्हटलं, “नाव गुप्त आहे सर.” एवढंच म्हटलं, पण उभं राहून. सर म्हणाले, “तुम्ही हल्ली फार बोलता.”

आणि काल. सासूबाईंना किल्ली हवी होती, त्यांनी माझी पर्स उघडली. डबी निघाली. डबीत नऊ सुया. वापरलेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या, डबी मांडीवर, आणि हळूच म्हणाल्या, “सूनबाई, या छकुलीच्या सुया. तुझ्याकडे कशा?” मी आपली... काय सांगू? “त्या नशेच्या कामावर जाऊन जाऊन तुलाही लागली का गं सवय?” आमचे हे दारात, पांढरेफटक. माझ्या दंडाकडे बघतात! छकुली धावत आली, “आई, वहिनीला काही बोलू नकोस, ते माझं...” तर सासूबाई म्हणाल्या, “तू आत जा, हे ऐकायचं तुझं वय नाही!” तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलेलं. अजून नऊ दिवस आहेत तपासणीला. मी मान हलवली, नको.

सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. रडत होत्या हो त्या! म्हणाल्या, “घाबरू नकोस, आम्ही तुला टाकणार नाही. पण खरं सांग, घेतेस ना?” आणि छकुली दाराआडून बघतेय. मी म्हटलं, “हो.”

म्हटलं! आता काय करता? मंगळवारी साडेअकराला समुपदेशकाकडे नेणार आहेत मला, वेळ ठरलीय, पाऊण तासाची. आमचे हे म्हणाले, “तिथे सगळं मोकळेपणाने बोल.” पाऊण तास! लग्न झाल्यापासून इतका वेळ माझं कुणी ऐकलेलं नाही... जाते की मी.