बाहेरचं औषध

शिल्पा : आई, हात सोड आता.

इंदुताई : सोडते की. अगोदर सांग, गौलीगुड्याहून ऑटो करून इतक्या लांब तारनाक्याला आलो, एवढी मोठी युनिव्हर्सिटी पडलीय, आन् तुला हेच झाड सापडलं का? तिकडं कडुलिंब आहे, गुलमोहर आहे.

शिल्पा : इथे सावली आहे, बसायला दगड आहे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, झाड तुझं तू निवड.

इंदुताई : चिंच आहे ती.

शिल्पा : माहितीय.

इंदुताई : माहितीय म्हणे. त्या बाबानं काय सांगितलं होतं? पोरीला चिंचेखालीच लागलंय म्हणाला.

शिल्पा : तू मला बाबाकडे नेलंसच कशाला?

इंदुताई : तुझ्या भावाला विचार. दवाखान्यातून आला आन् म्हणाला, आई, डॉक्टर म्हणते हिला बाहेरचं आहे.

शिल्पा : हिचं औषध बाहेरचं आहे, असं म्हणाला हर्षवर्धन. म्हणजे आउटडोर. झाडं, ऊन, वारा. त्याचं मराठी तुला माहितीय ना कसलं आहे ते.

इंदुताई : मला कसं कळावं? आपल्यात बाहेरचं म्हणजे एकच. सगळ्या गल्लीत विचार कुणालाही.

शिल्पा : तीन आठवडे दोरे बांधले, लिंबं उतरवली. डहाळीनं झोडपलं मला त्यानं. तू तिथंच उभी होतीस.

इंदुताई : उभी होते, रडत होते. चुकलं माझं. शंभरदा म्हणाले, आणखी एकदा म्हणते.

शिल्पा : मग आता जा. वीस मिनिटं. फोन नाही, बोलणं नाही, जवळ कुणी नाही. तू त्या बाकावर बस.

इंदुताई : दोन महिने मी शेजारी बसतेच आहे. आज एकटीच कशाला?

शिल्पा : एकटीला बसता आलं पाहिजे मला. नाहीतर तुझा हात धरल्याशिवाय मी कधीच घराबाहेर पडणार नाही.

इंदुताई : मार्चात पण एकटीच होतीस. भाजीला म्हणून गेले मी, पंधरा मिनिटं. आले तर गोळ्यांची पाकिटं रिकामी, हलवून हलवून तू उठेनास. शिल्पा, मला भ्या वाटायलंय गं. चिंचेचं नाही, तुझं.

शिल्पा : मला पण माझीच भीती वाटते. जा ना आई.

(इंदुताई पन्नासेक पावलांवरच्या बाकावर जाऊन बसतात. तिथे एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले आहेत.)

नामदेवराव : या ताई, बसा. मी नामदेवराव. रेल्वेत होतो, आता रोज इथं फिरायला येतो. मराठी कानावर पडली म्हणून बघायलो होतो. लेक का तुमची?

इंदुताई : हो. भाऊ, तुम्ही बोला माझ्याशी. पण माझी नजर तिच्यावरून हलवू नका.

नामदेवराव : काय झालंय तिला?

इंदुताई : मनाचा आजार आहे. गोळ्या चालूच आहेत. वरून डॉक्टरनं झाडाखाली बसायला सांगितलंय. पाखरं ऐकायची, खोडाला हात लावायचा, माती बघायची. ह्याच्यानं बरं होतं का हो माणूस?

नामदेवराव : ते मला काय ठाऊक. बायको गेली तेव्हा मला घर खायला उठायचं. इथं चार फेऱ्या मारल्या की घासभर जेवण तरी जायचं. एवढंच सांगू शकतो.

इंदुताई : जेवते ती आता. अर्धी भाकर जास्त... अगं बाई. कुठं गेली? दगडावर नाही ती.

नामदेवराव : झाडामागं असंल. घाई नक्को.

इंदुताई : मागं काय आहे? विहीर आहे का? खरं सांगा मला.

नामदेवराव : विहीर नाही ताई, मोकळं रान आहे. हळू जा, ठेचकाळाल.

इंदुताई : शिल्पा. ए शिल्पा. ओ दे गं माय.

शिल्पा : आहे, आई. खोडाच्या या बाजूला. तिकडे ऊन आलं म्हणून सरकले.

इंदुताई : सांगायचं तरी.

शिल्पा : बोलायचं नव्हतं ना. किती मिनिटं झाली?

इंदुताई : सोळा. बसू का इथं?

शिल्पा : बस. पण तोंड तिकडे कर. मला बघत राहू नको.

इंदुताई : बसले.

शिल्पा : मधेच छाती धडधडायला लागली होती. हात गार पडले. तुला हाक मारणार होते. मग खोडाला पाठ टेकवली आणि मुंग्या बघत राहिले. एकीच्या तोंडात केवढा तरी तुकडा होता, तो तिला चढवेना. ते बघता बघता थांबलं.

इंदुताई : आपोआप?

शिल्पा : आपोआप. पहिल्यांदाच.

इंदुताई : बरं झालं. लई बरं झालं.

शिल्पा : आई, न्हाणीघराची आतली कडी तू काढून टाकलीस ना?

इंदुताई : तू दवाखान्यातून यायच्या आदल्या दिवशी. सुतार बोलावला होता.

शिल्पा : परत बसवशील?

इंदुताई : बसवते. आजच बसवते. पण इतक्यात लावत जाऊ नको, बाळा.