मुलाचं वय

बायको गेली, तिचे स्वेटर द्यायला मी सिस्टरांच्या आधारगृहात गेलो होतो. बेघर आयांना तिथे मुलांसकट ठेवून घेतात. माझ्या पुढे एक बाई आणि तिचा मुलगा होता. सिस्टर नाव लिहून घेत होत्या.

"मुलाचं वय?"

"नऊ."

"नऊ? अहो, मिसरूड फुटायला लागलंय की!"

"अंगानं थोराड आहे."

"तू सांग रे, बाळा."

"नऊ."

"बाई, क्रुसाखाली उभं राहून खोटं कशाला?"

"तेरा, सिस्टर. दहाच्या वरचा मुलगा कुठेच घेत नाहीत. मला आत घेतात, त्याला दुसरीकडे पाठवतात. तसं असेल तर आम्ही निघतो."

"बसा खाली. इथे आईपासून लेकरू तोडत नाहीत."

"आणि प्रार्थना?"

"आलात तर आनंद आहे. नाही आलात तरी जेवण तेच. बोला, काय लिहू? नऊ वर्षांचा आईजवळ झोपतो. तेरा वर्षांच्याला स्वतंत्र खाट मिळते."

मुलगा पुढे सरकला.

"आईच्याच खोलीत?"

"आईच्याच खोलीत."

"मग तेरा लिहा, सिस्टर. तेरा पूर्ण. चौदावं लागलंय."