आगबोटीनं मारलेली हाक

माझा जन्म ठाण्याच्या खाडीवरचा. आम्ही ख्रिस्ती कोळी, बाप मासे मारायचा, आई पाटी घेऊन नौपाड्यात जायची, आणि मी त्यांची एकुलती एक मारिया. नाव नीट ऐकून ठेवा हां, मारिया, कारण त्या नावानं काय घोटाळा घातला, काय सांगू तुम्हाला!

सतरा वर्षांची होते, इनासशी लग्न ठरलेलं. आमच्यात लग्नाआधी तीन आयतवार पाद्री देवळात दोघांची नावं पुकारतो, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणतो. दोन पुकार झालेले, एक राहिलेला, आणि त्या बुधवारी दुपारी मी बंदराला बांधलेल्या बाबाच्या होडीत बसून पाणी उपसत होते. भरतीबरोबर कौलं भरलेली मालाची आगबोट आली, नेहमीसारखी धापा टाकत, आणि मधेच तिची धाप थांबली. वाफ गेली, यंत्र गेलं, भोंगासुद्धा म्हाताऱ्यासारखा खोकला आणि गप्प. आता यंत्र बंद पडलं म्हणून भरती थोडीच बंद पडते? पाणी तिला ढकलत ढकलत आमच्या होड्यांवर आणू लागलं. माझी तिच्याकडं पाठ, मला पत्ता नाही, आणि वरून कुणीतरी बोंबललं, मारिया! मारिया! मारिया!

मी म्हटलं, हा कोण मेला भर बंदरात माझं नाव घेतोय? पदर खोचला, उंचावरून शिव्या घालाव्या म्हणून होडीतून उडी मारून बांधावर चढले, आणि मागं कडाड् झालं. वळून बघते तर बाबाची होडी नारळ फुटावा तशी फुटलेली, मी बसले होते तिथं आगबोटीचं नाक.

तीन होड्या गेल्या, माणूस एकही नाही. बाबा चिखलात बसून रडत होता. पण बंदरावरची माणसं काय बोलत होती? आगबोटीवरच्या परक्याला ह्या पोरीचं नाव कसं ठाऊक? इनासची आई, माझी होणारी सासू, तिथंच सुकट विकत होती. म्हणाली, एकदा नाही, तीनदा हाक मारली गो, आणि ही पण कशी टुणकन उठली! आयतवारी मी देवळात हरकत घ्यायला उभी राहते की नाही बघा. इनास मान खाली घालून उभा. मी म्हटलं, तू तरी बोल की रे. तर म्हणतो, आईसमोर आवाज फुटत नाही गो माझा.

शनिवारी बाबा मला आणि सासूला घेऊन चिखलात रुतलेल्या त्या आगबोटीवर गेला. तिचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुख्य, रत्नागिरीकडचा म्हातारा मुसलमान. बाबा म्हणाला, चाचा, माझ्या पोरीला हाका का मारल्या? कुठली पोरगी? ही, मारिया. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. अरे बाबा, नांगर सोड म्हणायला आम्ही खलाशी आरिया म्हणतो, त्यासाठी ओरडत होतो, आणि मेला नांगर नेमका अडकला! सासू म्हणाली, असं होय? मग ओरड आमच्यासमोर. चाचा ओरडला, आरिया! नांगर धडधडत चिखलात. सासू म्हणाली, पुन्हा. चार खलाशांनी घामाघूम होऊन तो वर ओढला, पुन्हा आरिया, पुन्हा धडाम. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा खलाशीच तिच्या पाया पडले.

सगळे हसलो. चाचा हसला नाही. मला म्हणाला, तू त्या होडीत होतीस? मी हो म्हटलं. मला दिसलीच नाहीस गं पोरी, म्हणाला, आणि साखळीवर मटकन बसला.

आयतवारी तिसरा पुकार झाला, पाद्रीनं हरकत विचारली, तेव्हा सासूनं शेजारणीला खोकूसुद्धा दिलं नाही.

आता मला पाच पोरं. बाबाची होडी काही पुन्हा झाली नाही, दुसऱ्यांची जाळी ओढता ओढता गेला बिचारा. सासू थकली, तिची पेज मीच करते. चाचा परत दिसला नाही. सांजेच्या प्रार्थनेत घरच्यांसाठी मागून झालं की त्याच्यासाठीही मागते, पण त्याचं नावच विचारायचं राहिलं हो. नुसतं सारंग म्हणते, देव समजून घेतो. ज्या पाण्यात असेल तिथं त्याचा नांगर वेळेवर सुटो.